उघड्यावरची फुग्यांची कमान वारंवार झुकते, पिळते किंवा पडते : लक्षणे, तपासण्या आणि उपाय

लग्नाच्या लॉनवर, दुकानाच्या उद्घाटनाला, बारशाच्या हॉलबाहेर किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या प्रवेशद्वारावर हलक्या सांगाड्यावर जी मोठी फुग्यांची कमान उभी केली जाते, तिच्याविषयीची तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते : उभी केली तेव्हा सरळ होती, पाहुणे येईपर्यंत वाकली. ही दुरुस्ती मी वर्षानुवर्षे करत आलो आहे आणि बिघाडाचे मूळ फुग्यांत क्वचितच सापडते, हे मला पुनःपुन्हा दिसले आहे. खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या गोष्टींपासून खर्चाच्या आणि कष्टाच्या गोष्टींकडे जाणाऱ्या क्रमाने दिल्या आहेत. उदाहरणासाठी १० फूट रुंद आणि ८ फूट उंच अशी नेहमीच्या मापाची कमान धरली आहे.

लक्षणे

कमानीचा माथा हळूहळू खाली बसतो आणि त्याच वेळी दोन्ही पाय बाहेर सरकतात, हे सर्वांत जास्त आढळणारे लक्षण आहे. उभारताना १० फुटांवर ठेवलेले पाय दोन-तीन तासांनी टेपने मोजले, तर अंतर वाढलेले दिसते.

दुसरे लक्षण म्हणजे संपूर्ण कमान पुढे किंवा मागे कलते आणि वाऱ्याची झुळूक ओसरल्यावरही पूर्ववत उभी राहत नाही. याच प्रकारात कधी एका पायाची मागची कड जमिनीपासून उचलली जाते आणि बेस प्लेटखाली, म्हणजे पाय ज्या सपाट प्लेटवर उभा असतो तिच्याखाली, बोट सरकवता येते. बोट जात असेल, तर पुढच्या मोठ्या झुळकीला कमान पडेल असेच समजावे.

तिसरे लक्षण पिळाचे. रंगांच्या तिरक्या रेघा जागच्या जागी राहत नाहीत, समोर ठेवलेले मोठे फुगे मागे जातात आणि पुढून उघडा पाइप दिसू लागतो. कमान उभीच असते, पण फोटो खराब येतो, आणि पिळलेली कमान वाऱ्याला असमान अंग देते, त्यामुळे ती पुढे झुकण्याचीही शक्यता वाढते.

चौथे लक्षण म्हणजे फुगे ठरावीक भागातच एकामागून एक फुटत जाणे. एक फुगा फुटला की चार फुग्यांच्या त्या गुच्छातले उरलेले तीन सैल होतात, शेजारचे गुच्छ त्या पोकळीत सरकतात आणि थोड्या वेळात वरची सगळी रांग खाली घसरते.

यांपैकी कोणते लक्षण आधी दिसले आणि किती वाजता दिसले, एवढे लिहून ठेवले तरी अर्धे निदान होते. दुपारी दोनला माथा बसला असेल तर उन्हाचा संशय घ्यावा, संध्याकाळी पाचनंतर कमान कलली असेल तर वाऱ्याचा आणि उभारल्यापासून अर्ध्या तासात पीळ पडला असेल तर बांधणीचा.

आधी एक समज दूर करावा

फुगे हलके असतात, म्हणून सांगाडाही कसाबसा चालेल, या समजातून बहुतेक बिघाड जन्माला येतात. पहिला भाग खरा आहे. ११ इंची लॅटेक्सच्या फुग्याचे वजन सुमारे ३ ग्रॅम असते आणि अशा कमानीला दोनशे-अडीचशे फुगे लागले, तरी सगळ्यांचे मिळून वजन एक किलोच्या आतच राहते. मात्र हेच फुगे वाऱ्यासमोर सुमारे ३० चौरस फुटांचे अंग उभे करतात, आणि कमान शिडासारखी वागू लागते.

ढोबळ हिशेब असा आहे. ताशी १८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दीड किलो वजनाइतका असतो, म्हणजे ३० चौरस फुटांच्या अंगावर चार किलोंहून थोडा अधिक. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, त्यामुळे ताशी ३६ किलोमीटरच्या झुळकीत तीच कमान १७ किलोंच्या आसपासचा आडवा धक्का सोसत असते. हा धक्का जमिनीजवळ बसत नाही. तो साधारण पाच फूट उंचीवर बसतो आणि तिथून पायांना उलथवू पाहतो. म्हणून सांगाड्याची तपासणी करताना तो किती वजन पेलेल हे विचारण्यात अर्थ नाही. आडवा धक्का आणि पीळ तो किती सोसेल, हेच पाहावे लागते.

पहिली तपासणी : फोटो आणि ओळंबा

कमान उभी होताच समोरून एक आणि बाजूने एक फोटो काढावा आणि कुठे उभे राहून काढला, ती जागा लक्षात ठेवावी. तासाभराने त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढला की डोळ्यांना न जाणवणारा फरकही दिसतो. मग एका दोऱ्याला जड नट बांधून तो पायाच्या पाइपशेजारी सोडावा. गवंड्याचा ओळंबा जवळ असेल तर उत्तमच. पाइप दोऱ्याला समांतर आहे की नाही, हे समोरून आणि बाजूने असे दोन्हीकडून पाहावे.

या तपासणीला खर्च काहीच येत नाही आणि तिचे महत्त्व मोठे आहे, कारण लॉनची जमीन फार क्वचित सपाट असते. सुरुवातीलाच दोन अंश पुढे कललेली कमान वारा नसतानाही पुढेच ओढली जात असते, आणि त्यानंतर तिच्यावर कितीही दोऱ्या बांधल्या तरी त्या मुळातल्या चुकीशी झगडत राहतात. प्लेटखाली लाकडी पाचर किंवा दुमडलेला जाड पुठ्ठा घालून ती आधी सरळ करावी आणि मगच पुढची तपासणी हाती घ्यावी.

दुसरी तपासणी : जागा

दोन इमारतींच्या मधल्या बोळाच्या तोंडाशी, जिन्याच्या उघड्या टप्प्यावर किंवा मंडपाच्या दोन पडद्यांमधल्या फटीसमोर कमान उभी असेल, तर आजूबाजूला वारा पडलेला असतानाही तिथे झोत येतच राहतो. हलकी रिबीन काठीला बांधून ती चार-पाच ठिकाणी धरून पाहावी. अनेकदा कमान सहा-सात फूट आत घेतली किंवा भिंतीजवळ सरकवली, तर उरलेल्या तपासण्यांची गरजच पडत नाही. यजमानांना फोटोसाठी विशिष्ट जागा हवी असते हे मान्य, पण त्यांना रिबीन दाखवून कारण सांगितले, तर बहुतेक जण ऐकतात.

अलिबाग, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा वाढतो, हे धरूनच तिथली जागा ठरवावी. सकाळी अकराला शांत दिसलेली जागा चार वाजता तशी राहत नाही.

तिसरी तपासणी : फुग्यांचा आकार आणि हवा

इथे थोडा वेळ द्यावा, कारण ही तपासणी स्वस्त आहे आणि दोन लक्षणांवर एकाच वेळी उपाय करते. फुगा गोल आहे की गाठीकडे निमुळता होऊन पेरूसारखा लांबट झाला आहे, हे आधी पाहावे. लांबट झालेला फुगा गरजेपेक्षा जास्त भरलेला असतो. त्याच्या गाठीजवळच्या भागावर बोटाने हलके दाबले असता तो लगेच तणतणीत लागत असेल, तर त्याच्या रबरात ताणण्याला जागा उरलेली नाही. उघड्यावर ११ इंची फुगा ९ ते ९॥ इंचांपर्यंतच भरावा, हा माझा नेम आहे, आणि त्यासाठी पुठ्ठ्याला त्या मापाचे गोल भोक पाडून प्रत्येक फुगा त्यातून काढून घ्यावा. नजरेने भरलेले फुगे सारखे भासतात, मात्र भोकातून काढल्यावर त्यांच्यातला फरक उघड होतो.

उन्हाने हवा प्रसरण पावते आणि म्हणून फुगे फुटतात, एवढेच सांगितले जाते. ते अर्धेच कारण आहे. तापमान २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेले, तर बंद फुग्यातली हवा आकारमानाने सुमारे ७ टक्के वाढते आणि फुग्याचा व्यास दोन-सव्वादोन टक्केच वाढतो. अर्धा इंच जागा सोडलेल्या फुग्याला एवढी वाढ सहज पेलते. खरे नुकसान ऊन आणि हवेतला ओझोन रबरावर करतात. नैसर्गिक रबराचा पृष्ठभाग त्यांच्यामुळे खराब होऊ लागतो, चमक जाऊन त्यावर मखमलीसारखी धूसर झाक येते आणि त्यानंतर तो क्षुल्लक घर्षणानेही फुटतो. गडद रंग ऊन जास्त शोषून घेतात, म्हणून विदर्भातल्या एप्रिल-मेच्या कार्यक्रमात काळे, मरून आणि गडद निळे फुगे उन्हाच्या बाजूला लावू नयेत. जुना साठाही याच कारणाने दगा देतो, आणि न वापरलेले फुगे बंद डब्यात, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे लागतात.

आणखी एक गोष्ट घाट चढून जाणाऱ्यांसाठी. मुंबई-पनवेलच्या बाजूला भरलेले फुगे लोणावळ्याला नेले, तर बाहेरचा हवेचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी उतरतो. महाबळेश्वरला तो समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. खाली काठोकाठ भरलेला फुगा वर पोहोचेपर्यंत आपोआप फुगतो आणि वाटेतच फुटतो. फुगे मुक्कामाच्या ठिकाणीच भरावेत. ते जमत नसेल, तर खाली भरताना आणखी अर्धा इंच कमी ठेवावेत.

चौथी तपासणी : फुग्यांना काय टोचते आणि काय लागते

फुगे एकाच भागात फुटत असतील, तर हवेला दोष देण्याआधी त्या भागावरून उघडा तळहात अलगद फिरवावा. केबल टायचे कापलेले शेपूट हा माझ्या पाहण्यातला पहिला गुन्हेगार आहे. कात्रीने तिरके कापलेले ते प्लास्टिक सुईसारखे उभे राहते, आणि वाऱ्याने कमान थोडी हलली की शेजारच्या फुग्यावर घासत राहते. शेपूट नखाला लागणार नाही इतके मुळाशी कापावे, टायची गाठ पाइपच्या मागच्या बाजूला वळवावी आणि तिच्यावर कापडी टेपचा एक वेढा द्यावा. कपलरला, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या नळीच्या तुकड्याला, मारलेल्या स्क्रूच्या टोकालाही हाच नियम लागू होतो.

खालच्या रांगेतले फुगे फुटत असतील, तर वाळलेल्या हराळीची टोके, लॉनमधली खडी किंवा तापलेले काँक्रीट ही कारणे तपासावीत. सांगाड्याखाली चटई किंवा जाड कापड अंथरले की हा त्रास थांबतो. गुलाबाच्या कांड्या व फुलांच्या तारा फुग्यांत खोचल्या असतील, तर त्यांची टोके गुंडाळून घ्यावीत. संत्र्या-मोसंबीच्या सालीतले तेल रबराला विरघळवते, त्यामुळे फळे सोलून झालेल्या हातांनी फुगे हाताळू नयेत. हॅलोजनचा दिवा तीन-चार फुटांच्या आत असेल, तर तो दूर करावा. पार्टीच्या स्नो-स्प्रेला मी सजावटीजवळ अजिबात परवानगी देत नाही, कारण त्यातला वायू ज्वालाग्राही असतो आणि केकवरची मेणबत्ती सहसा त्याच्या जवळच पेटलेली असते.

पाचवी तपासणी : गुच्छ आणि पाइप यांची पकड

पीळ पडण्याचे कारण इथे असते. चार फुग्यांचा गुच्छ दोन्ही हातांनी धरून पाइपभोवती फिरवून पाहावा. थोड्या जोराने तो फिरत असेल, तर वाराही त्याला फिरवेल. पीव्हीसीचा पाइप गुळगुळीत असतो आणि त्यावर लॅटेक्सची पकड घाम किंवा दव पडताच सुटते. पाइपवर दर दीड-दोन फुटांवर कापडी टेपचे वेढे द्यावेत, म्हणजे गुच्छाला धरायला खरबरीत जागा मिळते. त्यानंतर प्रत्येक गुच्छाच्या मानेवर लांब मॉडेलिंग फुग्याचा रिकामा तुकडा दोनदा आवळून बांधावा. तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, वापरत असाल, तर ती फुग्याच्या अंगावरून न नेता फक्त गाठींच्या खालून न्यावी, कारण ताणलेल्या रबरावर ती सुरीसारखी काम करते.

मोठे १८ इंची फुगे सगळेच पुढच्या बाजूला लावण्याची सध्या पद्धत आहे. दिसायला ते सुरेख असते, पण त्यामुळे वाऱ्याचा धक्का पाइपच्या मध्यापासून पुढे सरकतो आणि पाइपलाच पिळू लागतो. मागच्या बाजूला, फोटोत न दिसणाऱ्या ठिकाणी, दर तिसऱ्या गुच्छाला एक मोठा फुगा लावून समतोल साधावा. उघड्या जागेवर गुच्छ अगदी खच्चून भरण्यापेक्षा त्यांच्यात वाऱ्याला वाट राहील इतकी फट ठेवलेली चांगली.

सहावी तपासणी : पायांचे वजन आणि पायांची लांबी

कमान कलण्याच्या बहुतेक तक्रारी इथे संपतात. तयार किटसोबत पाणी भरायचे जे प्लास्टिकचे बेस येतात, त्यांत सहसा दीड-दोन लिटरपेक्षा जास्त पाणी मावत नाही. ते घरातल्या वाढदिवसासाठी ठीक आहेत, मोकळ्या लॉनवर त्यांच्यावर भरवसा ठेवू नये.

वजनाआधी लांबी पाहावी, कारण ती स्वस्त पडते. दीड फूट चौरस बेस प्लेट असेल, तर तिची मागची किंवा पुढची कड पाइपपासून फक्त पाऊण फुटावर असते आणि वाऱ्याच्या उलथवणाऱ्या जोराला तेवढीच तरफ आडवी येते. वर धरलेल्या ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यासाठीही अशा प्लेटवर प्रत्येक पायाला १४ किलोंच्या आसपास वजन लागते. तेच प्लेटखाली पुढे-मागे मिळून तीन फूट लांबीची लोखंडी पट्टी किंवा चौकोनी पाइप बांधला, तर त्याच वाऱ्याला निम्मे वजन पुरते. ताशी ३६ किलोमीटरची झुळूक येऊ शकणाऱ्या जागी मात्र तीन फुटी पट्टी असूनही प्रत्येक पायाला सुमारे ३० किलो लागतात, आणि हे आकडे काठावरचे आहेत. प्रत्यक्षात मी त्यांच्या दीडपट वजन धरतो, कारण वारा एकसारखा वाहत नाही, धक्क्यांनी येतो.

वजनासाठी वेगळी खरेदी करण्याची गरज नसते. पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार म्हणजे २० किलो, आणि तो कोणत्याही कार्यालयात मिळतो. कोरडी वाळू लिटरमागे साधारण दीड किलोहून जास्त भरते, त्यामुळे लहान पिशवीत अधिक वजन मावते आणि ती कापडाखाली लपवताही येते. दीड फूट बाय दीड फूट, ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट स्वतःच सुमारे १० किलोंची असते. वजन प्लेटच्या मधोमध न ठेवता पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकांवर वाटून ठेवावे आणि ते दोरीने पट्टीला बांधावे, कारण नुसता टेकवलेला जार पाय उचलला गेल्यावर घरंगळतो आणि मग काहीच उपयोगाचा राहत नाही.

माथा बसून पाय फाकत असतील, तर वजन वाढवून भागत नाही. वाकवलेला पाइप सतत सरळ होऊ पाहतो आणि त्याचा जोर दोन्ही पायांना बाहेर ढकलतो. दोन्ही प्लेट्स जमिनीलगत चपट्या अॅल्युमिनियम पट्टीने किंवा न ताणणाऱ्या पॉलिएस्टर पट्ट्याने एकमेकांना बांधाव्यात. प्रवेशद्वारातून माणसे जाणार असल्याने ही पट्टी कार्पेटखाली घ्यावी आणि तिच्या कडा टेपने चिकटवून टाकाव्यात, नाहीतर कमान वाचते आणि एखाद्या आजोबांचा पाय अडकतो.

सातवी तपासणी : जोड

कमान उतरवल्याशिवाय ही तपासणी नीट होत नाही, म्हणून ती इतक्या खाली आहे. प्रत्येक कपलर दोन्ही हातांनी धरून पाइप वाकवून पाहावा. जोडाजवळ कोन पडत असेल किंवा कटकट आवाज येत असेल, तर पाइप कपलरमध्ये पूर्ण आत गेलेला नाही, किंवा पुनःपुन्हा काढ-घाल करून कपलरचे तोंड सैल झाले आहे. कपलर नवा घालणे हा काही रुपयांचा उपाय आहे आणि जुन्या कपलरवर टेप गुंडाळून वेळ मारून नेण्यात काही फायदा नाही. पाइप कपलरमध्ये मध्यापर्यंत गेला हे कळण्यासाठी त्यावर आधीच पेनाने खूण करावी. जो सांगाडा पुन्हा सुटा करायचा नाही, त्याचे जोड सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवावेत. सुटा करायच्या सांगाड्याला प्रत्येक जोडाला आरपार एक लहान स्क्रू द्यावा. कमानीच्या माथ्यावर, अगदी मध्यावर, जोड येऊ देऊ नये.

आठवी तपासणी : पाइप स्वतः

इथपर्यंत सगळे ठीक असूनही माथा बसत असेल, तर पाइपच अपुरा आहे. वायरिंगचा २० मिलिमीटरचा लाइट दर्जाचा कंड्युट पाइप सर्वांत स्वस्त असल्याने सगळीकडे वापरला जातो, आणि आठ फुटी कमानीसाठी तो उघड्यावर कमीच पडतो. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २० वरून २५ मिलिमीटर केला, तर पाइपचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. हेवी दर्जाचा घेतला तर त्याहूनही वाढतो. पीव्हीसी उन्हात नरम पडतो आणि वाकलेल्या स्थितीत तासन्‌तास राहिला की त्या बाकाला कायमचा धरून बसतो. दुपारी बसलेला माथा संध्याकाळी गार झाल्यावर वर येत नाही, याचे कारण हेच.

पाइप बदलणे त्या दिवशी शक्य नसेल, तर पायांचे खालचे चार फूट आतून भरावेत. १२ मिलिमीटरची सळई टेपने जाड करून पाइपमध्ये घट्ट बसवली, तर वाकण्याचा जोर जिथे सर्वांत जास्त असतो तो भाग ताठ होतो. वारंवार मोकळ्या मैदानावर काम करणाऱ्यांनी अॅल्युमिनियमचा सांगाडा करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो धातू पीव्हीसीपेक्षा वीसपटींहून अधिक ताठ आहे, वजन फार वाढवत नाही आणि उन्हात नरम पडत नाही. एका हंगामातले रद्द झालेले फोटो आणि परत केलेले आगाऊ पैसे मोजले, तर हा खर्च जड वाटत नाही.

नववी तपासणी : ताण

ताणाच्या दोऱ्या शेवटी येतात, कारण त्यांना जागा, मेखा आणि यजमानांची संमती लागते. दोरी कमानीच्या दोन तृतीयांश उंचीवर बांधावी आणि जमिनीशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवावा. दोन पुढे आणि दोन मागे अशा चारही दोऱ्या हव्यात. फक्त मागे बांधलेली कमान वारा फिरला की मागच्या मागे पडते. नायलॉन ताणला जातो, म्हणून पॉलिएस्टरची दोरी घ्यावी आणि तासाभराने ती पुन्हा आवळावी. लोकांचे पाय अडकू नयेत म्हणून प्रत्येक दोरीवर गुडघ्याच्या व डोळ्यांच्या उंचीवर ठळक रंगाची रिबीन बांधावी. मंडपाच्या खांबाला ताण देण्याआधी मंडपवाल्यांना विचारणे आवश्यक आहे, कारण आपल्या कमानीचा धक्का आता त्यांच्या खांबावर जाणार असतो.

कधी थांबावे आणि कोणाला बोलवावे

वाऱ्याने जमिनीवरची धूळ आणि कागद उडू लागले, म्हणजे वेग ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेला आहे असे समजावे, आणि तेव्हापासून कमानीजवळ एक माणूस उभा ठेवावा. लहान झाडे संपूर्ण डोलू लागली, तर वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो, आणि त्या क्षणी कमान आडवी करावी. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग भरून आले तर वळवाचा पाऊस येण्याआधी सुटणारा वारा काही मिनिटांत येतो. त्याची वाट पाहत थांबू नये, आणि यजमान कितीही आग्रह करत असले तरी फोटोसाठी आणखी पाच मिनिटे देऊ नयेत.

काही कामे फुग्यांच्या सजावटकाराची नाहीत. कमान १२ फुटांहून उंच असेल, तिच्यावर बॅनर, झुंबर किंवा एलईडीची जड पट्टी टांगायची असेल, किंवा तिच्याखालून सतत गर्दी जाणार असेल, तर सांगाडा मंडप कंत्राटदाराकडून किंवा फॅब्रिकेटरकडून करून घ्यावा. वेल्डिंगला तडा दिसला, तर तो टेपने किंवा तारेने बांधून वापरू नये. छताला, पीओपीला किंवा दिव्यांच्या ट्रसला (दिवे टांगायच्या धातूच्या चौकटीला) काहीही टांगायचे असेल, तर सभागृहाच्या देखभालीच्या माणसाची आणि ट्रस लावणाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय हात लावू नये. धातूच्या सांगाड्यावर दिवे लावायचे असतील, तर जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी आणि त्या लाइनवर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर आहे याची खात्री करावी.

उघड्या विजेच्या तारांजवळ अॅल्युमिनियमचा सांगाडा उभा करू नये आणि फॉइलचे फुगे मोकळे सोडू नयेत, कारण फॉइलवरचा धातूचा थर वीज वाहून नेतो. फुगा किंवा रिबीन तारेत अडकली, तर काठीने काढायला न जाता वीज कंपनीला कळवावे. तरंगणाऱ्या फुग्यांसाठी कोणी स्वस्त गॅसचा सिलिंडर घेऊन आले, तर तो हेलियमचा आहे की हायड्रोजनचा, हे आधी विचारावे. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या प्रमाणात मिसळला असता पेट घेतो, आणि त्याला लहानशी ठिणगी पुरते. तसा सिलिंडर असेल, तर काम तिथेच थांबवावे आणि तो कार्यक्रमाच्या जागेतून बाहेर काढायला लावावा.

बाहेरच्या माणसाला बोलवताना त्याला कमानीची रुंदी आणि उंची, जमीन मातीची आहे की फरशीची, मेखा ठोकण्याची परवानगी आहे की नाही, कमान किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत उभी राहणार आहे, वारा कोणत्या बाजूने येतो आणि पहिले लक्षण कोणते दिसले, एवढी माहिती दोन फोटोंसह आधीच पाठवावी, म्हणजे तो योग्य वजन, पाइप आणि दोऱ्या सोबत घेऊनच निघतो.